पाणी टँकरचं, मग लाभकर कसला?

घरपट्टीचं बिल एकदा नीट वाचा. सर्वसाधारण कर, अग्निशमन कर, वृक्ष उपकर, पाणीपुरवठा लाभकर, मलनिस्सारण लाभकर, राज्याचा शिक्षण उपकर... डोकं फिरतं ते 'लाभ' या शब्दाने!

नळाला मीटर आहे, त्याची पाणीपट्टी वेगळी भरायचीच. वर हा लाभकर. आणि तो किती पाणी आलं यावर नाही, घराच्या करयोग्य मूल्यावर, म्हणजे पालिकेने धरलेल्या वर्षाच्या भाड्यातून दुरुस्तीची वजावट जाऊन उरतं त्यावर. समजा 600 चौरस फुटांचं घर, भाडेदर फुटाला महिना 5 रुपये धरला. महिन्याचे 3,000, वर्षाचे 36,000. दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा केले की उरले 32,400. त्यावर 2 टक्के लाभकर लावला तर 648 रुपये. या अख्ख्या हिशेबात पाण्याचा थेंब कुठे आला? दिवसाआड अर्धा तास नळ येवो, नाहीतर मार्च ते जून टँकर मागवावे लागोत, आकडा तोच. टँकरचे पैसे पुन्हा सोसायटीच्या मेंटेनन्समधून, म्हणजे आपल्याच खिशातून.

कचऱ्याचीही तीच तऱ्हा. 2016 च्या घनकचरा नियमांनी पालिकांना उपयोगकर्ता शुल्क घ्यायची मुभा दिली. घराला महिना 60 रुपये लावले की वर्षाचे 720, घरपट्टीतच चिकटवलेले. आणि त्याच नियमांनी मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवायला लावलं. खतयंत्राची वीज सोसायटीची, भुसा सोसायटीचा, माणसाचा पगार सोसायटीचा. मग शुल्क पूर्ण कशाबद्दल घेता?

भरायला उशीर झाला की महिन्याला 2 टक्के शास्ती. वर्षाला 24 टक्के! घरकर्जालाही एवढं व्याज नाही. आठवडाभर पाणी नाही आलं तर पालिकेला शास्ती किती? काही नाही. त्यात अभय योजना काढून थकबाकीदारांची शास्ती माफ करायची. वेळेवर भरणाऱ्याने काय पाप केलंय?

म्हणे हरकत असेल तर अपील करा. मुदत 15 दिवस, आणि वादातली रक्कम आधी पालिकेत जमा करायची. 648 रुपयांसाठी वकील कोण लावणार? कोणी लावत नाही, म्हणूनच हे वर्षानुवर्षं चाललंय.

निदान बिलाच्या मागे छापा: या प्रभागातून लाभकर किती जमला, आणि त्यातून इथे किती मीटर जलवाहिनी टाकली.