लग्नाच्या जेवणात पदार्थ कमी करा, तूप कमी करू नका

लग्नाच्या जेवणाचा खर्च आटोक्यात आणायचा असेल तर पदार्थ कमी करावेत, तुपाला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मार्गशीर्षात पुतणीचं लग्न आहे. जळगाव जिल्ह्यात, घरच्या शेतात, दोनशेएक माणसांत. स्वयंपाक घरीच करायचा, बुफे लावायचा, आणि मेनू म्हणजे वरण-बट्टी, वांग्याची घोटलेली भाजी, भरीत, थोडा भात, गोडाला दराबा. सोबत बिबडे (ज्वारीचे पापड), मुळा, कांद्याची पात, मठ्ठा. बस.

थोरल्या जाऊबाईंना काळजी वाटली. "अगं, मुलाकडचे पुण्याहून येणार. पनीर नाही, चायनीज नाही, बरं दिसेल का?" मी म्हटलं, वहिनी, पनीर त्यांना पुण्यात रोज मिळतं. आपल्या वांग्याचं भरीत तिथे कुठे मिळणार? जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तुळशीचं लग्न लागून थंडी पडली की हीच वांगी बाजारात ढिगाने येतात. चांगली, ताजी आणि स्वस्त. अशा दिवसांत बाहेरगावची महागडी भाजी आणून फ्रीजमध्ये कोंबायची, हे मला पटतच नाही.

घरच्या बुफेत एक गोष्ट आधी बघावी लागते: पदार्थ दोन तास टेबलावर टिकेल का? पुरी वातड होते, पोळ्या दोनशे माणसांना गरम देताच येत नाहीत. बट्टीचं तसं नाही. गव्हाचं जाडसर पीठ, त्यात थोडं मक्याचं, ओवा, जिरं, हळद, तेलाचं कडकडीत मोहन. घट्ट मळून गोळे वाफवून घ्यायचे. हे काम सकाळी उजाडताच उरकतं. गोळे पूर्ण गार झाले की सुरीने फोडी करायच्या (गरम असताना कापल्या तर भुगा होतो), आणि माणसं टेबलाकडे यायला लागली की थोड्या थोड्या तळून बाहेर पाठवायच्या. वरून खुसखुशीत, आतून वरण पिणारी बट्टी शेवटच्या माणसालाही तशीच मिळते. भरीत कोमट असलं तरी छान लागतं. वांगी सकाळी तुराट्या-पऱ्हाट्यांच्या (तुरीच्या आणि कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या) जाळावर भाजायची, सोलायची, लाकडी बडगीत मिरची-लसणाबरोबर ठेचायची. गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो धुरकट वास येत नाही, म्हणून हा एक हट्ट मी सोडणार नाही.

दराबा चार-पाच दिवस आधी करून डबे भरून ठेवता येतो. रवा तुपात भाजून, पिठीसाखर घालून, हाताने फेसून फेसून हलका करायचा. खव्याची मिठाई नको, लग्नसराईत खव्याची खात्री देता येत नाही. बिबडे उन्हाळ्यात घातलेले घरात आहेतच.

प्रमाण आमच्याकडे शंभर माणसांना असं धरतात: बट्टीचं पीठ 15 किलो, तूरडाळ 5, वांगी भाजी-भरीत मिळून 18 ते 20, तांदूळ 4. बट्टी असली की भाताकडे फार कुणी वळत नाही. वरणात तूप भरपूर हवं, ते माणशी 25 ग्रॅम धरा. वाढून घ्यायच्या टेबलावर वरण आणि भरितापाशी घरचं एकेक माणूस चमचा घेऊन उभं करा. आग्रहही होतो आणि ताटात टाकणंही कमी होतं. म्हाताऱ्या माणसांना मात्र ताट घेऊन उभं करू नका. त्यांच्यासाठी एका बाजूला सतरंजी घालून पंगतच बसवा.

सजावटीला झेंडू, केळीचे खांब आणि शेतातली बोंडं फुटलेली कपाशी. त्यावर वेगळा खर्च नाही.

आता मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते यावर. घरचा स्वयंपाक म्हटलं की तो फुकट असं धरून चालतात. तो फुकट नसतो, गल्लीतल्या बायका पहाटेपासून चुलीपाशी बसलेल्या असतात. बट्ट्या वळायला, वांगी सोलायला, भाजी घोटायला आठ-दहा जणी लागतात. मोठं पातेलं घोटताना दंड भरून येतात. म्हणून आमच्या हिशोबात पहिली ओळ त्यांच्या मजुरीची आहे, रोख, आणि शेतमजुरीच्या दरापेक्षा जास्त. साडी-चोळी वेगळी, ती मानाची. मजुरीच्या बदल्यात नाही. नात्यातल्या बायकांना पैसे देता येत नाहीत, त्यांना पाळ्या लावून द्यायच्या, आणि पाळीत पुरुषांचीही नावं लिहायची. जाळ घालणं, पातेली उतरवणं, बट्ट्या तळणं पुतण्यांनी करायचं ठरलंय.

आणि मंगलाष्टकं सुरू झाली की कढया उतरवायच्या. जेवण वीस मिनिटं उशिरा निघालं तरी चालेल, पण स्वयंपाक करणारी प्रत्येक बाई हातात अक्षता घेऊन मांडवात उभी असली पाहिजे.