15 जहाजं विरुद्ध 76 कोटी गाड्या: जरा हिशोब करून बघूया का?

हा मेसेज परत फिरायला लागलाय. "जगातली फक्त 15 मोठी जहाजं जगातल्या सगळ्या 76 कोटी गाड्यांएवढं प्रदूषण करतात. समुद्रात कुणाचा कायदा चालत नाही. आणि आपण इथे पीयूसी काढतोय, इलेक्ट्रिक गाड्या घेतोय. खोटं वाटत असेल तर विकिपीडिया बघा." खाली हात जोडलेले आणि "पुढे पाठवा".

मी मर्चंट नेव्हीत इंजिन साइडला आहे, आणि सुट्टीवर घरी असलो की मराठी विकिपीडियावर जहाजं, बंदरं, इंजिनं असल्या लेखांत भर घालत बसतो, फुकट, निव्वळ हौस. त्यामुळे हा मेसेज मला दोन्हीकडून गाठतो. घरचे विचारतात "काय रे, तुमची बोट एवढी घाण करते?" आणि तिकडे कुणीतरी नवा सदस्य हेच वाक्य लेखात डकवून जातो. तर एकदाच सगळं लिहून टाकतो.

पहिलं वाक्य, "प्रदूषण करतात". कुठलं प्रदूषण ते मेसेजमध्ये कुठेच नाही आणि सगळी गंमत तिथेच आहे. हा आकडा 2009 सालचा, ब्रिटनच्या गार्डियनमध्ये आलेला, आणि त्यामागचा हिशोब होता सल्फर ऑक्साइडचा. कार्बन डायऑक्साइडचा नाही. पुढे पाठवता पाठवता "सल्फर" गळून पडलं आणि "प्रदूषण" राहिलं.

आता हिशोब. त्या काळातलं सगळ्यात मोठं इंजिन म्हणजे एमा मर्स्क या कंटेनर जहाजावरचं 14 सिलिंडरचं, साधारण 80 मेगावॅट. असलं इंजिन एका युनिटला 170 ग्रॅमच्या आसपास तेल खातं, म्हणजे फुल पॉवरला तासाला साडेतेरा टन, दिवसाला सव्वातीनशे टन. वर्षात 280 दिवस असं पळवलं तर 91 हजार टन तेल. तेव्हाच्या तेलात सल्फर सरासरी अडीच-पावणेतीन टक्के, जळल्यावर त्याचं वजन दुप्पट होतं, म्हणजे पाच हजार टनांच्या आसपास सल्फर डायऑक्साइड. मूळ आकडा इथूनच येतो, आणि तेवढ्यापुरता तो चूक नाही हे मान्य करायलाच पाहिजे.

पण त्याच 91 हजार टन तेलातून कार्बन डायऑक्साइड निघतो अंदाजे 2.8 लाख टन. वर्षाला हजार लिटर पेट्रोल पिणारी गाडी 2.3 टन सोडते. म्हणजे एका जहाजाच्या बरोबरीला सव्वा लाखाच्या आत-बाहेर गाड्या, आणि 15 जहाजांच्या बरोबरीला 18 लाख. 76 कोटींचा पाव टक्कासुद्धा नाही! आणि हे सुद्धा इंजिन वर्षभर फुल पॉवरला पळवलं असं धरून. खरं तर 2008 च्या मंदीनंतर कंपन्यांनी स्लो स्टीमिंग, म्हणजे तेल वाचवायला जहाज हळू चालवणं, सुरू केलं, स्पीड वीस टक्के कमी केला की पॉवर जवळपास निम्मी लागते, त्यामुळे फुल पॉवरचे दिवस गेले.

अजून एक गोम. 2020 पासून तेलातल्या सल्फरची मर्यादा 0.50 टक्के झाली, म्हणजे त्याच जहाजाचे आता साधारण 900 टन. तरीही सल्फरमध्ये तुलना केली तर एका जहाजाच्या बरोबरीला सहा कोटी गाड्या असंच उत्तर येतं. कसं काय? कारण बीएस-6 पेट्रोलमध्ये सल्फर असतं 10 पीपीएम, म्हणजे दहा लाखांत दहा भाग, जवळजवळ नाहीच. शून्याच्या जवळच्या आकड्याने भागलं की कशालाही कोटी येणारच. उद्या सगळ्या गाड्या इलेक्ट्रिक झाल्या तर एक मासेमारी ट्रॉलरपण "जगातल्या सगळ्या गाड्यांपेक्षा जास्त" ठरेल.

दुसरं, "समुद्रात कुणाचा कायदा चालत नाही". हे वाचून तर हसूच येतं, कारण इंजिनरूममधली अर्धी नोकरी कागद भरण्यात जाते. मार्पोल या जहाजांच्या प्रदूषणावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचं सहावं परिशिष्ट हवेबद्दल आहे, 2005 पासून लागू. बंकरिंगला, म्हणजे जहाजात तेल भरायला, तेलाची बार्ज बाजूला लागली की तेल आत येतं त्या पाइपच्या तोंडाला नमुना घेणारा सॅम्पलर बसवतात, तेल येत असेपर्यंत थेंब थेंब डब्यात पडत राहतं, मग ते ढवळून बाटल्यांत भरायचं, सील लावायचं, सील नंबर डिलिव्हरी नोटवर लिहायचा, बार्जवाल्याच्या आणि चीफ इंजिनिअरच्या सह्या. ती बाटली कमीत कमी 12 महिने ठेवायची, नोट 3 वर्षं. बाल्टिक, नॉर्थ सी, अमेरिकेचा किनारा आणि आता 1 मे 2025 पासून भूमध्य समुद्र, इथे तर मर्यादा 0.10 टक्के, आत शिरायच्या आधी तेल बदलून झालेलं पाहिजे आणि वेळ, पोझिशन लॉगमध्ये पाहिजे. पोर्ट स्टेट कंट्रोलवाला, म्हणजे त्या बंदराच्या देशाचा तपासनीस, चढला की आधी हेच मागतो, जुळलं नाही तर जहाज अडकवून ठेवतो.

पळवाटा नाहीत असं मी म्हणत नाही. स्क्रबर, म्हणजे धूर धुणारं यंत्र, बसवला की जास्त सल्फरचं तेल वापरता येतं, आणि ओपन लूप स्क्रबर धुराची घाण धुऊन पाणी समुद्रात सोडतो. हवेतली कटकट पाण्यात. सिंगापूरने आपल्या बंदरात त्यावर बंदी घातली ती उगाच नाही. यावर मेसेज काढा ना, मी स्वतः पुढे पाठवीन.

तिसरं, पीयूसी आणि इलेक्ट्रिक गाडी म्हणजे सामान्य माणसाची फसवणूक. सगळी जहाजं मिळून, 15 नाही, सगळी, 2018 साली माणसाने सोडलेल्या जगातल्या कार्बन डायऑक्साइडपैकी 2.89 टक्के सोडत होती. हे कमी नाही. पण सिग्नलला तुमच्या पुढच्या टेम्पोचा धूर पोरांच्या नाकात जातो, हिंद महासागराच्या मधोमध असलेल्या जहाजाचा नाही. जहाज खरोखर नाकाशी येतं ते बंदरात. न्हावाशेव्याला धक्क्याला लागल्यावर मेन इंजिन बंद असतं पण विजेसाठी जनरेटर चालूच, रीफर (थंड ठेवायचे) कंटेनर असले तर जास्तच, आणि आपला किनारा त्या 0.10 वाल्या क्षेत्रात येत नाही. उरणच्या माणसाने किनाऱ्यावरून जहाजाला वीज का देत नाही हे विचारलं तर तो प्रश्न रास्त आहे. पीयूसी फाडून टाकल्याने उरणची हवा सुधारत नाही.

राहिलं "विकिपीडिया बघा". अहो, तिथे ते वाक्य असलंच तर तुमच्यासारख्याच कुणीतरी हाच मेसेज वाचून टाकलेलं असतं! मी ते सरसकट उडवत नाही, कारण बातमी छापून आली होती ही वस्तुस्थिती आहे. मी वर्ष घालतो, "सल्फर ऑक्साइडपुरतं" घालतो, आणि 2020 चा नियम पुढच्याच वाक्यात जोडतो. वर केलेला माझा हिशोब मात्र लेखात टाकता येत नाही, स्वतःचं संशोधन चालत नाही तिथे, इंजिनरूममध्ये डोळ्याने बघितलेलंही चालत नाही, छापील संदर्भ लागतो. त्रासदायक आहे, पण मला हा नियम आवडतो, नाहीतर माझ्यात आणि मेसेजवाल्यात फरक काय? लेखाच्या चर्चा पानावर एकाने मला "कंपनीचा माणूस" म्हटलं. बरोबर शंका आहे, म्हणून माझी नोकरी सदस्य पानावर पहिल्याच ओळीत लिहिलेली आहे, आणि ज्या कंपनीत काम करतो तिच्या लेखाला मी हात लावत नाही.

सध्या तिथे 2020 च्या नियमाला सगळे इंग्रजीच संदर्भ लावलेत. कुणाकडे चांगला मराठी लेख असेल, मासिकातला, वर्तमानपत्रातला कुठलाही, तर चर्चा पानावर टाका, मी पुढच्या जहाजावर रुजू व्हायच्या आत जोडून घेतो.