गोयाच्या चित्रांवर विदूषकाची तोंडं : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. जेक आणि डिनोस चॅपमन या ब्रिटिश कलावंत भावांनी स्पॅनिश चित्रकार गोयाच्या छापील युद्धचित्रांतल्या माणसांवर विदूषकांची आणि पिल्लांची तोंडं रंगवली, त्यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही ‘विध्वंसाची वकिली’ म्हटलंत आणि विचारलंत, की उद्या कुणी आपल्या बडोद्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्यातल्या रविवर्म्याच्या चित्रावर विदूषकाचं तोंड रंगवलं, तर तेही कलाच म्हणणार का?

नाही म्हणणार. तो कॅनव्हास एकच आहे. बडोद्यातल्याच कीर्ती मंदिरात नंदलाल बोसांनी रंगवलेल्या भिंतीही तशाच. तिथे कुणी ब्रश घेऊन गेलं तर तुमच्या आधी मी दारात उभी राहीन.

चॅपमन भावांनी २००३ मध्ये हात लावला तो गोयाच्या युद्धावरच्या ८० छापचित्रांच्या एका संचाला, आणि तो त्यांनी विकत घेतलेला होता. गोया १८२८ मध्ये गेला, ही चित्रं छापली गेली १८६३ मध्ये. त्याच तांब्याच्या पत्र्यांवरून पुढेही संच निघत राहिले. पत्रे आजही माद्रिदमध्ये जपलेले आहेत.

दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी रविवर्मा प्रेसची लक्ष्मी होती. पणजीने तिच्या साडीला जर चिकटवली होती, दागिन्यांवर टिकल्या. त्या काळी कितीतरी घरांत छापील देवांना असं सजवत. पणजीचा हात भक्तीचा होता. मारल्या गेलेल्या माणसाच्या धडावर कुत्र्याच्या पिल्लाचं डोकं काढणारा हात वेगळा, हे मला कळतं. ती चित्रं पाहताना माझ्याही पोटात कालवलं. पण गोयाची प्रेतं मी पुस्तकात इतक्यांदा पाहिली होती, की पान उलटताना हात थांबत नसे. त्या दिवशी थांबला.

चिनी कलावंत आय वेवेने १९९५ मध्ये चीनच्या हान राजवटीतलं सुमारे २००० वर्षांपूर्वीचं मडकं हातातून सोडून फोडलं, त्याबाबत मात्र मी तुमच्याच बाजूची. त्या कुंभाराचं ते मडकं परत घडणार नाही. अमेरिकन चित्रकार रॉशेनबर्गने १९५३ मध्ये डी कूनिंग या दुसऱ्या चित्रकाराचं रेखाटन खोडलं, तेही त्याच्याकडून मागून घेऊन. गोयाला विचारणं शक्यच नव्हतं, ही तुमची बोच मलाही आहे.

आणि एका जागी तुम्ही मला बरोबर पकडलंत. चॅपमन भावांचा संच १९३७ चा, स्पेनमध्ये यादवी पेटलेली असताना छापलेला. म्हणजे तो कागदही इतिहासच. मी त्याला ‘नुसती एक प्रत’ म्हणून गेले. ते शब्द आज लेखातून काढते आणि तिथे १९३७ ची हकिकत घालते.