टार्गेट किती ठेवलंय?

पंचेचाळीशीत एलएलबी करतेय म्हटलं की लोक 'अरे वा' म्हणतात आणि विषय बदलतात, पण त्यासाठी सीईटी द्यावी लागते हे कळलं की मात्र थांबतात आणि सगळे एकच विचारतात, टार्गेट किती ठेवलंय? अभ्यास कुठवर आलाय हे कोणाला नकोय. पुस्तकं घेतलीस का, झोप होते का, काही नाही. थेट आकडा सांगा.

मी एका सहकारी बँकेत वसुलीला आहे. दिवसभर थकबाकीदारांना फोन लावायचे, मग आमच्या वकिलांना लावायचे, आणि दोन्हीकडून पुढचीच तारीख घ्यायची. या धंद्यातलं थोडंफार आपल्यालाही कळलं पाहिजे असं कधीचं डोक्यात होतं, मुलगा इंजिनिअरिंगला लागला आणि मी तीन वर्षांच्या लॉचा फॉर्म भरून टाकला. फॉर्म भरणं हा यातला सगळ्यात सोपा भाग, बाकी काय ते त्यानंतर.

आमच्या चिरंजीवांनी जेईई दिलेली असल्यामुळे ते आता घरातले परीक्षातज्ज्ञ आहेत. त्यांनी मला डायनिंग टेबलवर बसवलं आणि म्हणाले, "आई, आधी टार्गेट, मग टाइमटेबल." हेच वाक्य मी त्याला दहावीपासून ऐकवत आलेय, तेव्हा आपण कसे दिसत असू ते आता नीट दिसलं. तर एकूण १२० प्रश्न, दोन तास. पूर्वी १५० असायचे. इंग्लिश ४०, जीके ३२, लीगल ॲप्टिट्यूड २४, रीझनिंग २४. आणि निगेटिव्ह मार्किंग नाही! हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला, कारण चार पर्यायांपैकी डोळे मिटून एक टिचकवत गेलं तरी सरासरी ३० मार्क पडायला हरकत नाही, म्हणजे अभ्यासाच्या आधीच ३० वर आलो की आपण. चिरंजीव म्हणाले ते ३० सगळ्यांनाच पडणार आहेत.

मग आम्ही बजेट मांडलं. इंग्लिशात ३२ (बँकेतली पत्रं लिहून लिहून एवढं तरी यावं), लीगलला २०, जीकेला १६, रीझनिंगला १२, कारण कोण कोणाच्या डावीकडे बसलंय आणि मामाच्या मुलीचा काका माझा कोण हे मला लग्नकार्यातसुद्धा कळत नाही. बेरीज ८०. वहीत पेन्सिलीने लिहिलं आणि बरं वाटलं. तेवढ्यात त्याने सांगितलं की ८० ला तसा काही अर्थ नाही, निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. म्हणजे माझ्या सेशनला बसलेल्या शंभरातले ९५ जण माझ्याइतके किंवा माझ्यापेक्षा कमी मार्कांवर असतील तर मी ९५ पर्सेंटाइल. म्हणजे पेपर मी द्यायचा आणि मार्क किती 'झाले' हे बाकीच्यांनी ठरवायचं! सोपा पेपर आला तर ८० वाले ढिगाने, अवघड आला तर त्याच ८० ला पेढे. मग लोकं टार्गेट ठेवतात कसं, दुसऱ्यांना कमी पडोत असं? सासूबाई म्हणाल्या, तसं मनात आणू नये, पण आलंच तर देवासमोर बोलू नये.

लॉवाल्यांचं सगळं असंच, त्यांची परीक्षासुद्धा कोर्टात जाते. क्लॅट म्हणजे राष्ट्रीय लॉ विद्यापीठांची प्रवेश परीक्षा, तिच्या २०२५ च्या उत्तरतालिकेचं भांडण आधी दिल्ली हायकोर्टात आणि तिथून सुप्रीम कोर्टात गेलं. आपले मार्क किती हे कळायला वकील लावायचा, तोही वकील होण्याआधी.

लीगलचा अभ्यास मात्र आमच्याकडे सामुदायिक होतो, कारण मी मोठ्याने वाचते. परवा स्कॉटलंडच्या पेझली गावातली ती जुनी केस काढली होती. एक बाई मैत्रिणीबरोबर कॅफेत गेली, मैत्रिणीने तिला जिंजर बिअर घेऊन दिली, बाटली गडद काचेची, अर्धी पिऊन झाल्यावर उरलेली ओतली तर आतून कुजलेली गोगलगाय. पैसे मैत्रिणीचे, त्यामुळे दुकानदाराशी बाईंचा करारच नाही, मग दावा लावला बनवणाऱ्यावरच, आणि १९३२ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं की जो माल पिणार त्याची काळजी घेणं हे बनवणाऱ्याचं कर्तव्य. मी अगदी रंगात येऊन सांगत होते. सासूबाईंचा निकाल मिनिटात तयार, "अगं पण आधी पेल्यात ओतून बघायचं ना, दूध नाही का आपण बघत?" वरती मैत्रिणीचीही चौकशी झाली पाहिजे म्हणाल्या.

आमच्या विंगमधले वकीलकाका तर भेटले की आकडाच मागतात. त्यांना ही परीक्षा द्यावीच लागली नाही, सीईटी आली २०१६ ला, पण सल्ला असा की जसं काही पेपर तेच काढतात. "शंभरच्या खाली बोलूच नका वहिनी." एवढं बोलून मला जुनी आयपीसी वाचायला देऊ केली. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झालीय, खून ३०२ वरून १०३ ला गेला, फसवणूक ४२० वरून ३१८ ला, आणि काकांच्या तोंडी अजून जुनेच आकडे.

घरात खरी फूट पडली ती कॉलेजवरून. चर्चगेटचं सरकारी कॉलेज, १८५५ पासूनचं, तिथे मिळायचं तर पर्सेंटाइल अगदी वरचं लागतं, आणि आम्ही राहतो डोंबिवलीला. सकाळची लेक्चर, पहाटेची लोकल, दादरला बदला, मग ऑफिस. हे ऐकल्यावर नवरा म्हणाला, "एवढे मार्क कशाला पाडतेस, ठाण्यात मिळेल एखादं." लग्नाच्या इतक्या वर्षांत मला कमी मार्क पाडायचं प्रोत्साहन पहिल्यांदा मिळालं. डबा कोण करणार हा त्यातला मूळ मुद्दा होता, तो बोलला नाही आणि मीही काढला नाही. मग चिरंजीवांनी मोबाईलवर सरकारी कॉलेजची फी दाखवली, त्याच्याखाली एका खासगी विनाअनुदानित कॉलेजची दाखवली. नवऱ्याने चष्मा लावून दोन्ही परत वाचल्या आणि म्हणाला, ९९ पर्सेंटाइलच्या खाली येऊ नकोस, डब्याचं मी बघतो.

सध्या वहीत माझे पेन्सिलीतले ८० आहेत, त्याच्या बाजूला मुलाने पेनाने ९६ लिहिलेत, नवऱ्याने नुसतंच 'फी बघ' असं लिहून खाली दोन रेघा मारल्यात. काल सासूबाईंनी ती वही मागून घेतली, चाळली आणि मला म्हणाल्या, "हे सगळं राहू दे, ठाण्याला किती लागतात तेवढं लिहून ठेव."