मलाक्काचा नळ आणि भगूरच्या काचा

परवा मामाने घरच्या ग्रुपवर नकाशा टाकला. निकोबारपासून मलाक्काच्या, म्हणजे चीनकडे तेल जाणाऱ्या सामुद्रधुनीच्या, तोंडापर्यंत बोटाने ओढलेली लाल रेघ आणि खाली मजकूर, 'हा नळ बंद केला की चीन आठ दिवसांत गुडघ्यावर.' पटापट अंगठे पडले. आतेभावाने राजेंद्र चोळाला बोलावलं. 1025 साली तो सुमात्रातल्या श्रीविजय राज्यावर आरमार घेऊन गेला होता, आता पुन्हा जायला काय हरकत आहे? मी एवढंच लिहिलं, 'मामा, तुझ्या नळाच्या दुसऱ्या टोकाला मी राहते.' लगेच उत्तर आलं, 'अगं, तू तिकडे राहून घाबरट झालीस. सिंगापूरवाले पक्के व्यापारी. त्यांना कणा कुठे?'

हा कणा काही माझ्या डोक्यातून जाईना.

मी बावीस वर्षं जहाजांच्या कागदपत्रांचं काम करते. नळ कुणाचा, हा पहिला प्रश्न. सामुद्रधुनीच्या काठांवर मलेशिया, इंडोनेशिया आणि सिंगापूर आहेत. गस्त त्यांची आहे आणि ती त्यांना जिवापाड महत्त्वाची आहे. 2004 मध्ये अमेरिकेने इथे मदतीला यायची तयारी दाखवली, तेव्हा मलेशिया आणि इंडोनेशियाने साफ नकार दिला आणि तिघांनी मिळून आपली गस्त सुरू केली. अमेरिकेला दारात उभं न करणारे आपल्याला चावी देतील? सिंगापूरच्या बाजूला फिलिप चॅनल तीन किलोमीटरही रुंद नाही, नाशिकजवळच्या माझ्या भगूरहून देवळाली कॅम्पात जाण्याइतकंही अंतर नाही. त्यातून जाणारं तेल जपान आणि कोरियाचंही असतं. आपलाही पूर्वेकडचा बराच माल याच वाटेने जातो. चीनची जहाजं इंडोनेशियातल्या सुंदा नाहीतर लोंबोक सामुद्रधुनीवरून वळसा घालून जातील, चार दिवस उशिरा, जास्त भाड्याने. चीनला ही वाट अडवली जाण्याची धास्ती आहे हे खरंच. 2003 मध्ये त्यांचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष हू जिंताव यांनीच ती बोलून दाखवली होती. म्हणून तर गेली वीस वर्षं ते म्यानमारमधून आणि मध्य आशियातून पाइपलाइनी टाकत आले. मामाच्या नकाशात पाइपलाइन नव्हत्या.

आणि माझ्या घरात काय होईल? इथे नव्वद टक्क्यांहून जास्त अन्न बाहेरून येतं. पाण्यातला मोठा वाटा शेजारच्या मलेशियातल्या जोहोरचा, 1962 च्या कराराने, 2061 पर्यंत. रविवारी ईस्ट कोस्टला चालायला गेलं की क्षितिजावर जहाजं नांगर टाकून उभी दिसतात, रात्री तर पलीकडे एखादं गाव वसल्यासारखे दिवे. मामाला तो नळ दिसतो, मला फ्रीज दिसतो.

बरं, कण्याचं बोलू. 1965 मध्ये हे बेट मलेशियातून बाहेर पडलं, तेव्हा धड सैन्य नव्हतं. ली क्वान यू यांनी सैन्य उभारायला मदत मागितली ती इजिप्तच्या नासरकडे आणि आपल्या शास्त्रीजींकडे. शास्त्रीजींच्या शुभेच्छा आल्या, सल्लागार आले नाहीत. आपल्याला तेव्हा पाकिस्तानशी युद्ध होतं, मी कुणाला दोष देत नाही. इस्रायली आले, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून त्यांना मेक्सिकन म्हणत. त्याच वर्षी मार्चमध्ये इंडोनेशियन सैनिकांनी ऑर्चर्ड रोडवरच्या मॅकडॉनल्ड हाउसमध्ये बॉम्ब ठेवला होता, तिघं गेली. त्यातल्या दोघांना 1968 मध्ये इथे फाशी झाली. 2014 मध्ये इंडोनेशियाने त्यांचीच नावं युद्धनौकेला दिली. अशा शेजारात तीन चतुर्थांश चिनी वंशाचा देश. शेजाऱ्यांना चीनचे हस्तक वाटू नये म्हणून चीनशी राजनैतिक संबंध जोडायला ते 1990 पर्यंत थांबले, इंडोनेशियाने आधी जोडले मगच यांनी. आणि 1975 पासून यांचे सैनिक सरावाला तैवानला जातात, बीजिंगला आवडो न आवडो. इथल्या चांगीच्या नाविक तळाला अमेरिकन जहाजं लागतात. 2022 मध्ये युक्रेनवरच्या हल्ल्यासाठी सिंगापूरने रशियावर निर्बंध घातले, तेव्हा मामा म्हणाला, 'अमेरिकेचे चमचे.' आता म्हणतो, चीनचे. मोठ्या देशाने छोट्याची सीमा पुसली तर बोलायचं, एवढा यांचा सरळ हिशोब. आपण तटस्थ राहिलो त्याला मामा 'स्वतंत्र परराष्ट्र धोरण' म्हणतो. तोच शब्द दुसऱ्याला लावताना त्याची जीभ का अडते?

गंमत म्हणजे मामाच्या फारच आवडत्या पंतप्रधानांनी 2018 मध्ये इथेच, शांग्रिला डायलॉग या सुरक्षा परिषदेत, इंडो-पॅसिफिक हा मोजक्यांचा क्लब नाही आणि आसियान, म्हणजे आग्नेय आशियाई देशांचा गट, त्याच्या मध्यभागी आहे, असं सांगितलं होतं. मी ती लिंक ग्रुपवर टाकली. एकही अंगठा नाही.

मग मी सुटलेच. मे 2025 मध्ये तिकडे मॉक ड्रिल झालं तेव्हा मामाने भोंग्याचा व्हिडिओ गॅलरीतून काढून पाठवला होता, गॅलरीतला दिवा चालू. इथे दर 15 फेब्रुवारीला भोंगा वाजतो. 1942 मध्ये त्या दिवशी इंग्रजांनी इथे जपानपुढे शरणागती पत्करली, म्हणून. व्हॉइड डेकमधले, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेतले, म्हातारे टे-ओ, बिनदुधाचा चहा, पीत बसलेले असतात, कुणी मान वर करत नाही, पण काय करायचं ते सगळ्यांना पाठ. हे सगळं मी लिहिलं. लिहिताना मजा आली, हेही कबूल करते. स्वच्छ बसमध्ये बसून तिकडच्यांना शिस्त शिकवायची ही आम्हा बाहेरच्यांची जुनी खोड. मॉक ड्रिल झालं त्याच रात्री सीमेवर खरी क्षेपणास्त्रं उडत होती आणि मी फेअरप्राइस सुपरमार्केटमध्ये पपई निवडत होते, ते मात्र लिहिलं नाही.

मामाने शेवटी विचारलं, 'तू सारखं यांचं, आमचं म्हणतेस. तुझं कोणतं?'

माझ्याकडे अजून निळं आयसी, म्हणजे कायम रहिवाशाचं ओळखपत्र, आणि भारताचा पासपोर्ट आहे. नवऱ्याने आणि मुलाने गुलाबी, म्हणजे नागरिकाचं, घेतलं, मुलगा दहा वर्षांचा असताना. मी कारणं सांगत आले, आईचं घर, सातबारा, एनआरआय खातं. खरं कारण एकही नाही. दरवर्षी फॉर्म उघडते आणि 'नागरिकत्व सोडण्याची तयारी' या ओळीशी येऊन चहा टाकायला उठते.

अठराव्या वर्षी मुलगा एनएसला, म्हणजे इथल्या सक्तीच्या लष्करी सेवेला, गेला. प्रशिक्षणाच्या तेकोंग बेटाकडे जाणाऱ्या फेरीवर मी रडले नाही, कारण बाकीच्या आया फोटो काढत होत्या. शनिवारी तो बुक आउट होऊन यायचा, चिखलाचे बूट बाथरूममध्ये, आणि भाताबरोबर वरण ओरपत सांगायचा की त्याला तोफखान्यात टाकलंय. माझ्या हातातला डाव थांबला. मी भगूरची. लहानपणी देवळालीच्या रेंजवर फायरिंग सुरू झालं की आमच्या खिडकीच्या काचा थडथडायच्या आणि आजी म्हणायची, 'वाजल्या बघ तोफा, आता पाऊस लांबणार.' पावसाचा काय संबंध, ते कधी कळलं नाही.

2008 मध्ये दोन्ही देशांच्या सैन्यांचा करार झाला, आणि सिंगापूरचे तोफची येतात ते आमच्या देवळालीला, अग्नी वॉरियर सरावासाठी. इथे जागाच नाही. मोठी तोफ डागली तर गोळा दुसऱ्याच्या देशात पडायचा. 2024 च्या नोव्हेंबरात माझा मुलगाही गेला, दुसऱ्या देशाच्या वर्दीत, माझ्या माहेरापासून रिक्षाच्या अंतरावर. फोन जमा. मी इथे, आई तिथे, आणि मध्ये तो कुठेतरी टेकडीमागे.

आईने फोनवर विचारलं, 'आज काचा वाजल्या गं. त्याची असेल का एखादी?' मी म्हटलं, असेल. मला काय माहीत?

दुसऱ्या दिवशी हाच मामा, ज्याला सिंगापूरवाल्यांच्या पाठीत कणा दिसत नाही, आईला स्कूटरवर मागे बसवून गेटवर गेला. चिवड्याचा डबा घेऊन. जवानाने अडवलं. मामाने नाशिकरोडच्या हिंदीत सांगितलं, 'हमारा नातू अंदर है.' जवानाने विचारलं, कौन सी युनिट? मामा म्हणे थोडा वेळ गप्प राहिला, मग चांगला मोठ्याने म्हणाला, 'सिंगापूर.'

आत काही सोडलं नाही. चिवडा परत आला. त्यातला अर्धा मामानेच संपवला, असं आई सांगते.