भाषणात शब्द फक्त सात टक्के? मग पोरांनी बोलायचं काय?

दरवर्षी डिसेंबर संपत आला की हा मेसेज हमखास येतो. १२ जानेवारी जवळ आलेली असते. त्या दिवशी जिजाऊ आणि विवेकानंद यांची जयंती सगळ्या महाराष्ट्रात असते, पण सोलापुरात त्याच दिवशी चार हुतात्म्यांचा स्मृतिदिनही असतो, त्यामुळे आमच्याकडे वक्तृत्व स्पर्धांचा नुसता पाऊस. आणि पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी 'प्रभावी भाषणाचे सुवर्णनियम' पुढे ढकलतंच. वर माइकचं चित्र, खाली हात जोडलेले. यंदा एकाच दिवसात चार ग्रुपांवरून आला. मजकूर थोडक्यात असा:

'भाषणात शब्दांना फक्त ७ टक्के महत्त्व, आवाजाला ३८ आणि देहबोलीला ५५ टक्के, हे शास्त्राने सिद्ध झाले आहे. भाषण शब्दन् शब्द पाठ हवे. खरा वक्ता मात्र तयारी करत नाही. विवेकानंद शिकागोत बिनतयारीने उभे राहिले. माणूस मरणापेक्षा भाषणाला जास्त घाबरतो, म्हणून श्रोत्यांकडे न बघता मागच्या भिंतीकडे बघा. सुरुवात दमदार शेराने करा. उच्चार शुद्ध नसतील तर स्टेजवर जाऊ नका.'

दुसरं आणि तिसरं वाक्य एकमेकांच्या उरावर बसलेत, हे पुढे ढकलणाऱ्या एकाच्याही लक्षात आलेलं दिसत नाही. असो. मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत मराठी शिकवते. वीसेक वर्षं पोरांना भाषणाला उभं करते आणि अधूनमधून परीक्षकाच्या खुर्चीतही बसते. या नियमांनी पोरांचं काय होतं ते दोन्ही बाजूंनी बघितलंय, म्हणून हा खटाटोप.

आधी तो सात टक्क्यांचा हिशेब. आकडे कुणी हवेतून काढलेले नाहीत, म्हणूनच ते जास्त फसवतात. अल्बर्ट मेहरेबियन हे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ. १९६७ साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर केलेले दोन छोटे प्रयोग प्रसिद्ध झाले. एकात सुटे इंग्रजी शब्द, काही मायेचे, काही रागाचे, काही अधलेमधले, वेगवेगळ्या सुरांत ऐकवले. दुसऱ्यात तर एकच शब्द होता: 'मेबी', म्हणजे 'कदाचित'. तो वेगवेगळ्या सुरांत ऐकवायचा, सोबत वेगवेगळ्या भावांच्या चेहऱ्यांचे फोटो दाखवायचे आणि विचारायचं, बोलणाऱ्याच्या मनात समोरच्याबद्दल काय आहे, आवड की नावड? या दोन्हींची मोट बांधून ७-३८-५५ तयार झालं.

तिथे भाषण नव्हतं. भाषण सोडा, वाक्यसुद्धा नव्हतं. शब्द एक सांगतोय आणि सूर भलतंच सांगतोय, तेव्हा माणूस कशावर विश्वास ठेवतो, एवढाच प्रश्न होता. आई 'जा की, मला काय करायचंय' म्हणाली की ती परवानगी नसते, हे कुठल्याही पोराला प्रयोगाशिवाय कळतं. शिवाय ते ५५ टक्के चेहऱ्याचे होते. हातवारे, उभं राहण्याची ढब, स्टेजवरच्या येरझाऱ्या यातलं काहीही प्रयोगात नव्हतं; 'देहबोली' मागाहून चिकटली. हे सूत्र भावना आणि आवडीनिवडीच्या बोलण्यापुरतं आहे, असं खुद्द मेहरेबियन यांनी पुढे स्पष्ट केलंय. पण फॉरवर्डमध्ये एवढं कोण लिहितो!

आपल्या गावात या दाव्याची परीक्षा फुकटात होते. कन्नड येत नसेल तर एखाद्या कन्नड प्रवचनाला तासभर बसून या. आवाज आहे, चेहरा आहे, हात आहेत, म्हणजे ९३ टक्के पदरात पडायला हवेत. बाहेर आल्यावर मला सांगा काय कळलं.

आणि उलट बाजूचं उदाहरण तर केवढं मोठं आहे. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अधिवेशनाच्या अध्यक्षपदासाठी बोलावलं. भाषणाचा मजकूर आधी मंडळाच्या हाती पडला आणि मंडळी बिचकली. अमुक भाग गाळा, म्हणू लागली. एक स्वल्पविरामही बदलणार नाही, असं बाबासाहेबांनी कळवलं. अधिवेशन रद्द झालं आणि ते भाषण कधी झालंच नाही. बाबासाहेबांनी ते स्वतः छापलं, पंधराशे प्रती. ना आवाज, ना चेहरा, ना हात, नुसते शब्द. नव्वद वर्षं होत आली तरी ते वाचलं जातंय, आणि तेव्हा लोक घाबरले तेही त्या सात टक्क्यांनाच.

मग आवाजाचं काम काय? काम आहे, पण ते शब्दांच्या पाठीमागून येतं. दोन वर्षांपूर्वी आठवीतली एक मुलगी चार हुतात्म्यांवरचं भाषण घेऊन आली. 'रक्ताचे पाट', 'धगधगते यज्ञकुंड', 'फासाचे चुंबन' असं सगळं होतं, आणि प्रत्येकाला हात वर. मी विचारलं, 'फाशी कुठे दिली?' गप्प. 'का दिली?' गप्प. मग आम्ही दोघी बसलो. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली, सोलापूर पेटलं, १२ मेला इंग्रजांनी इथे मार्शल लॉ लावला. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी दिलं. मल्लप्पा धनशेट्टी. श्रीकृष्ण सारडा. कुर्बान हुसेन. जगन्नाथ शिंदे. मी तिला म्हटलं, ही चार नावं घे आणि प्रत्येक नावानंतर मनात दोन आकडे मोज. बास. चार आडनावांत अख्खं सोलापूर आहे, ते ऐकणाऱ्याला आपोआप ऐकू येतं. हात खालीच राहिले. ती थांबली तिथे सभागृह थांबलं. हा आवाजाचा परिणाम म्हणायचा तर खुशाल म्हणा, पण थांबायचं कुठे हे त्या नावांनी ठरवलं.

आता विवेकानंद. इथे मेसेज अर्धा खरा आहे. ११ सप्टेंबर १८९३ ला शिकागोच्या धर्मपरिषदेत ते स्वागताला उत्तर द्यायला उठले तेव्हा हातात लिहिलेलं भाषण नव्हतं. बाकीचे तयारीने आले होते, मी मूर्ख, काहीच आणलं नव्हतं, छाती धडधडत होती, जीभ कोरडी पडली होती, असं त्यांनीच पुढे पत्रात कळवलंय. पण त्याआधीची वर्षं देशभर पायी फिरण्यात, वाद-चर्चा करण्यात गेली होती, हे त्या तयारीत धरायचं की नाही? अमेरिकेत पोचल्यावर ऑगस्टमध्ये लहान सभांतून ते बोललेही होते. आणि मेसेज जे सांगत नाही ते असं: त्याच परिषदेत, आठ दिवसांनी, १९ सप्टेंबरला त्यांनी हिंदू धर्मावर निबंध वाचला. लिहिलेला निबंध. ऐनवेळचं स्वागताचं उत्तर वेगळं आणि मुद्देसूद मांडणी वेगळी, हे त्यांना चांगलंच ठाऊक होतं.

पाठांतराचा नियम या सगळ्यांत घातक. पाठ केलेलं भाषण म्हणजे मण्यांची माळ. एक मणी निसटला की सगळे घरंगळतात. नववीत असताना मी स्वतः स्टेजवर 'आणि म्हणूनच' या शब्दांवर अडकले होते. पुढचं वाक्य काही केल्या येईना. तीनदा 'आणि म्हणूनच' म्हणून शेवटी नमस्कार करून खाली आले. पुढे कित्येक महिने वर्गात माझं नाव 'म्हणूनच'.

पण पाठांतर नको म्हणजे तयारी नको, असं नाही. तयारी कशी असते ते बघायचं तर कीर्तनाला जा, पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात आहे. आपल्या सोलापूरचे शाहीर राम जोशी लावण्या रचता रचता पुढे कीर्तनाकडे वळले, ते उगाच नाही. दोन्हीकडे समोरच्या माणसाला धरून ठेवावं लागतं. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात एक अभंग घेतात, त्याचं निरूपण करतात. उत्तररंगात आख्यान लावतात, आणि शेवटी फिरून त्याच अभंगावर येतात. बुवांच्या हातात कागद नसतो आणि दोन दिवसांची वाक्यं सारखी नसतात. तरी वाट चुकत नाही, कारण कुठून निघायचं, कुठे वळायचं आणि कुठे परत यायचं हे पक्कं असतं. मी पोरांना पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर एवढंच लिहायला लावते: सांगायची एक गोष्ट, तिच्यासाठीचे दोन-तीन दाखले, परतायचं वाक्य. पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं एक खुशाल पाठ करा, तिथेच पाय लटपटतात. मधलं बोला.

आणि मोठ्याने बोला, घड्याळ लावून. माझी पोरं नीट, समजेल असं बोलतात तेव्हा मिनिटाला शंभरेक शब्द होतात. तीन मिनिटांचं भाषण म्हणजे तीनशे शब्द. पालक लिहून देतात सहाशे. मग पोरगं मालगाडीसारखं धडधडत जातं आणि घंटा वाजते तेव्हा अजून 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग' इथून फार लांब गेलेलं नसतं.

भीतीचा मुद्दा लवकर उरकते. 'मरणापेक्षा भाषणाची भीती' या दाव्याचं मूळ अमेरिकेतल्या १९७३ सालच्या एका सर्वेक्षणात आहे. लोकांना भीतीच्या गोष्टींची यादी दिली होती, हव्या तेवढ्या निवडायच्या. चारचौघांत बोलण्यावर सुमारे ४१ टक्क्यांनी खूण केली, मरणावर १९ टक्क्यांनी. यम आणि माइक शेजारी उभे करून 'बोला, कोण परवडतो?' असं कुणी विचारलं नव्हतं. भिंतीकडे बघितल्याने भीती जात नाही, उलट पोरगं एकटं पडतं. एक चेहरा निवडायचा, त्याला एक वाक्य पूर्ण सांगायचं, मग दुसरा. आणि मोठा कागद हातात नको. हात जरासा कापला तरी कागद सगळ्या सभागृहाला सांगतो. पुठ्ठा चुगली करत नाही.

शेराबद्दल एवढंच: मागे एका स्पर्धेत एकाच शेराने सुरू झालेली नऊ भाषणं मी एका दुपारी ऐकली. नवव्याला गुण देताना माझा हात जड झाला, यात त्या मुलाचा काही दोष नव्हता.

राहिले शुद्ध उच्चार. माझ्या वर्गात कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या कन्नड, कुणाच्या दखनी. मधल्या सुट्टीत सगळे 'काय करलालास बे'वर एक होतात. शब्द स्पष्ट ऐकू आला पाहिजे, हे मान्य. शेवटचं अक्षर गिळू नका, माइक तोंडापासून वीतभर ठेवा, हे मी रोज सांगते. पण स्पष्ट वेगळं आणि पुणेरी वेगळं. घरची लकब ऐकू आली म्हणून स्टेजच नको, हा नियम लावला तर अर्धं सोलापूर मुकं बसेल.

त्या आठवीतल्या मुलीची आई विड्या वळते, घरात तेलुगू. परीक्षकांनी उच्चाराला दहापैकी चार गुण दिले, नंबर आला नाही. संध्याकाळी आईने विचारलं, तू काय बोललीस गं? पोरीने उभं राहून सगळं भाषण तेलुगूत सांगितलं, कुठेही न अडता. शब्दन् शब्द पाठ केलेल्या एकाही पोराला हे करता येणार नाही, करून बघा. दुसऱ्या दिवशी मला सांगत होती, 'बाई, नावं घेताना तिथंही थांबले. दोन-दोन आकडे मोजून.'