गंजलेले खिळे टाकून खाणीचं पाणी पिण्यालायक होत नाही

काल आत्याने चंद्रपूरहून एक फॉरवर्ड पाठवला, खाली विचारलंय "आपल्या विहिरीत करून बघू का रे?" फॉरवर्ड म्हणतो, लोखंड हे सल्फेटवाल्या बॅक्टेरियाचं अन्न, म्हणून खाणीच्या पाण्यात शेण आणि गंजलेलं लोखंड टाका, सडक्या अंड्याचा वास सुटला की पाणी शुद्ध, आठवड्यात प्या. आत्या, काहीही टाकू नकोस!

वासाचंच आधी घेतो कारण यात जीव जाईल. हे बॅक्टेरिया खाणीच्या पाण्यातल्या सल्फेटचा, म्हणजे गंधकाच्या क्षाराचा, हायड्रोजन सल्फाइड हा गॅस करतात, वास त्याचा. पाण्यात विरघळलेलं लोखंड हा सल्फाइड पकडतं आणि काळा गाळ होऊन खाली बसतं. हिशोब असा की 96 ग्रॅम सल्फेटमधून निघालेला सल्फाइड धरायला साधारण 56 ग्रॅम लोखंड लागतं. म्हणजे वास सुटला तर सल्फाइडला धातू पुरला नाही आणि विषारी गॅस मोकळा सुटला, एवढाच अर्थ. हा गॅस हवेपेक्षा जड, विहिरीत खालीच साचतो, आणि 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) आसपास नाक बधिर होतं, वास येईनासा होतो, माणसाला वाटतं गेला गॅस आणि तो आत उतरतो.

लोखंड अन्न? नाही. अन्न शेणातलं, सल्फेट ते श्वासासाठी वापरतात, आपण ऑक्सिजन वापरतो तसं. उलट गंजावर श्वास घेणारे दुसरे बॅक्टेरिया असतात, त्यांना त्यातून जास्त ऊर्जा मिळते, मग शेणातलं खाणं आधी तेच संपवतात आणि आपले सल्फेटवाले उपाशी. लोखंड फार झालं तर काळा गाळ पेशींवर बसतो, पाणी ज्या खडीच्या थरातून जातं तो तुंबतो. हां, एवढं मान्य की थोडं लोखंड त्यांना लागतंच, आणि सल्फाइड त्यांनाही विषारी असल्यामुळे तो धरला गेला की त्यांचं बरं चालतं.

इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलची व्हील जेन ही कथलाची खाण बघा. 1992 च्या जानेवारीत तिचं पाणी फुटून फालची खाडी नारिंगी झाली. नंतर तिथे प्रयोग केला त्यात लोखंड ओतलं नाही, उलट पाण्यातलं लोखंड आधी बोरूसारख्या वनस्पतींच्या उथळ तळ्यांत खाली बसवून काढलं, मग पाणी बिनहवेच्या टाकीत या बॅक्टेरियाकडे, आणि त्यानंतरही मँगनीज या धातूसाठी दगडांचे थर वेगळे, कारण मँगनीज सल्फाइडने सहज बसत नाही. एवढं करूनही 2000 पासून तिथे चुना घालून पाणी साफ करणारा प्लांटच चालवतात.

आठवड्यात प्यायचं म्हणे, शेण घातलेलं पाणी!